कोरडे डोळे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोळे चुरचुरतात, जड होतात, संध्याकाळपर्यंत लाल दिसतात अशी तक्रार असलेल्यांचे प्रश्न बहुतेक वेळा तेच असतात. ओपीडीच्या गर्दीत त्यांची नीट उत्तरं देणं होत नाही, म्हणून ती इथे सविस्तर लिहिली आहेत. प्रश्न शक्यतो आले तशाच शब्दांत ठेवले आहेत. डोळा खूप दुखत असेल किंवा एकाएकी कमी दिसू लागलं असेल, तर आधी प्रश्न १९ वाचा.

१. डोळे कोरडे पडतात म्हणजे नेमकं काय होतं?

आपण पापणी मिटतो तेव्हा डोळ्यावर अश्रूंचा एक पातळ पडदा पसरतो. त्यात तीन गोष्टी असतात: बुबुळाला धरून राहणारा चिकट द्राव, मधलं पाणी आणि सगळ्यात वर तेलाचा अगदी पातळ थर. दुधावर साय धरली की खालचं दूध झाकलं जातं, तसं हे तेल खालचं पाणी झाकून धरतं आणि उडू देत नाही. हे तेल पापण्यांच्या कडेतल्या मायबोमियन ग्रंथींतून येतं. वरच्या पापणीत त्या साधारण २५ ते ४० असतात, खालच्या पापणीत थोड्या कमी.

काही जणांच्या डोळ्यांत पाणीच कमी तयार होतं. पण बहुतेकांचं दुखणं वेगळं असतं. पाणी पुरेसं असतं, तेल घट्ट होऊन ग्रंथीत अडकतं, त्यामुळे पाणी भराभर उडून जातं. म्हणूनच नुसते ड्रॉप्स टाकून अनेकांना पुरेसा आराम पडत नाही. त्यांचा खरा उपचार पापणीच्या कडेला आहे (प्रश्न ६).

२. माझ्या डोळ्यांतून तर सारखं पाणी गळतं. मग डॉक्टर कोरडे डोळे कसे म्हणतात?

पडदा तुटला की बुबुळ उघडं पडतं आणि चुरचुरतं. मेंदूला वाटतं डोळ्यात काही गेलं, आणि तो एकदम भरपूर पाणी सोडतो. कांदा चिरताना येतं तसंच हे पाणी. त्यात तेलाचं प्रमाण नीट नसतं, त्यामुळे ते गालावर ओघळतं आणि डोळा पुन्हा कोरडाच राहतो. वाऱ्यात, गाडीवर किंवा टीव्ही बघताना पाणी येत असेल तर हीच शक्यता जास्त. एकाच डोळ्यातून बाराही महिने पाणी येत असेल आणि नाकाजवळच्या कोपऱ्यात दाबल्यावर चिकट घाण बाहेर येत असेल, तर अश्रूंची नळी बंद असू शकते. ते तपासूनच कळतं.

३. ही ॲलर्जी आहे की कोरडेपणा, हे घरी ओळखता येईल का?

ढोबळ अंदाज येतो. खाज हे मुख्य लक्षण असेल, डोळे चोळावेसे वाटत असतील, सोबत शिंका असतील, तर ॲलर्जी. वाळू गेल्यासारखं खुपणं, जळजळ, डोळे जड होणं, वाचताना अक्षरं मधूनच धूसर होऊन पापणी मिटली की पुन्हा स्पष्ट होणं हा कोरडेपणा. ही शेवटची खूण मला फार महत्त्वाची वाटते. अनेक जण ती चष्म्याचा नंबर वाढल्याची समजून दुकानात जातात आणि नवा चष्मा करूनही त्यांना समाधान मिळत नाही. ॲलर्जी आणि कोरडेपणा दोन्ही एकदम असणंही नेहमीचंच.

४. दिवसभर लॅपटॉपवर काम. नोकरी तर सोडता येणार नाही, मग काय करू?

गप्पा मारताना आपण मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. स्क्रीनकडे बघताना हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येतं. शिवाय ज्या काही पापण्या मिटतात त्यातल्या बऱ्याच अर्ध्यावरूनच परत फिरतात. वरची पापणी खालच्या पापणीला टेकतच नाही. पूर्ण मिटताना पडणाऱ्या दाबाने ग्रंथींतून तेल बाहेर येतं, तो दाबच पडत नाही. सहकाऱ्याला तुमच्याकडे मिनिटभर बघायला सांगा, त्याच्या लगेच लक्षात येईल.

उपाय म्हणजे पूर्ण मिटण्याची सवय पुन्हा लावणं. डोळे हलकेच मिटा, दोन सेकंद तसेच ठेवा, मग किंचित आवळा, उघडा. असं पाच-सहा वेळा, तासाभराने एकदा. आठवणीसाठी ते एखाद्या ठरलेल्या गोष्टीला बांधून टाका: प्रत्येक कॉल संपला की, मेल पाठवला की, पाण्याचा घोट घेतला की. सोबत दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद बघण्याचा नियम पाळा. त्याने डोळ्यांच्या स्नायूंनाही विश्रांती मिळते.

दुसरी गोष्ट स्क्रीनची उंची. मॉनिटर उंच असेल तर डोळे मोठे उघडावे लागतात आणि जास्त भाग हवेला लागतो. स्क्रीनची वरची कड नजरेच्या रेषेत किंवा थोडी खाली असावी. लॅपटॉपखाली पुस्तकांची चळत रचून तो फार वर नेला असेल, तर एक-दोन पुस्तकं काढून बघा. एसीच्या झोताबद्दल प्रश्न १२ मध्ये लिहिलं आहे.

५. निळा प्रकाश अडवणारे चष्मे घ्यावेत का?

कोरडेपणासाठी नाही. दुखणं पापणी न मिटल्याचं आहे, प्रकाशाच्या रंगाचं नाही. २०२३ साली कॉक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेने उपलब्ध अभ्यासांचा जो आढावा घेतला, त्यातही स्क्रीनमुळे येणारा डोळ्यांचा थकवा या काचांनी कमी होतो असं दिसलं नाही. ते पैसे योग्य नंबरच्या चष्म्यासाठी ठेवा. चाळिशीनंतर कॉम्प्युटरच्या अंतरासाठी वेगळा नंबर लागू शकतो, आणि तो नसेल तर डोळे खरोखर शिणतात.

६. डॉक्टरांनी गरम शेक सांगितला. पण रुमाल दोन मिनिटांत गार होतो. नक्की कसा द्यायचा?

बहुतेकांचा शेक इथेच फसतो, आणि मग शेकाने फरक पडत नाही असं वाटू लागतं. अडकलेलं तेल वितळायला पापणीला सुमारे ४० अंश सेल्सिअस ऊब मिळावी लागते, तीही सलग ५ ते १० मिनिटं.

एक सोपी रीत सांगतो. सुती नॅपकिनचे तीन-चार छोटे तुकडे घ्या. सहन होईल इतक्या गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळा, गुंडाळ्या करा आणि पोळ्या ठेवतो तशा झाकणाच्या गरम डब्यात ठेवा. डबा यासाठी वेगळाच ठेवा. एक गुंडाळी काढायची, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची, मग मिटलेल्या डोळ्यांवर. ती कोमट झाली की पुढची. चार गुंडाळ्यांत दहा मिनिटं सहज निघतात. बाजारात मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचे डोळ्यांचे मास्क मिळतात, तेही चांगले.

तव्यावर फडकं शेकून ते डोळ्याला लावू नका. ते कुठे किती तापलंय कळत नाही आणि पापणीची कातडी फार नाजूक असते.

शेक झाला की लगेच, तेल पातळ आहे तोवर, स्वच्छ बोटाने हलका मसाज. वरच्या पापणीवरून खाली, खालच्या पापणीवरून वर, म्हणजे दोन्हीकडे केसांच्या दिशेने. बुबुळावर दाब द्यायचा नाही. केरॅटोकोनस (बुबुळ पातळ होऊन पुढे फुगण्याचा आजार) असेल किंवा नुकतंच ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मसाज करू नका.

रोज एकदा, त्रास जास्त असेल तर दोनदा. पहिल्या आठवड्यात फार काही जाणवत नाही. तीन-चार आठवडे नेमाने करा आणि मग ठरवा. रोजचं जमलं नाही तर निदान आठवड्यातून तीन-चार दिवस चालू ठेवा, कारण बंद केलं की तेल पुन्हा घट्ट होतं.

७. पापण्यांच्या मुळाशी कोंड्यासारखं काहीतरी दिसतं. ते काय असतं? धुवायचं कसं?

पापण्यांच्या कडेला सूज असली की असा कोंडा दिसतो. केसाच्या मुळाभोवती बांगडीसारखा पांढरट थर असेल तर डेमोडेक्स नावाचे सूक्ष्म किडे वाढलेले असू शकतात. ते बहुतेक प्रौढांच्या कातडीवर असतातच, फक्त संख्या वाढली की त्रास देतात. शेकानंतर पापण्यांसाठी मिळणाऱ्या वाइप्सने किंवा फोमने कड हळू पुसा. पाण्यात मिसळलेला बेबी शॅम्पू पूर्वी सर्रास सांगितला जायचा. तो कड साफ करतो, पण काहींचे डोळे त्याने आणखी चुरचुरतात, म्हणून मी आता खास बनवलेली वस्तूच सुचवतो. टी ट्री ऑइल इंटरनेटवर वाचून थेट लावू नका, बुबुळ भाजतं.

८. मेडिकलमधून कोणते ड्रॉप्स आणू?

‘डोळे लाल झालेत, काहीतरी द्या’ असं म्हणून ड्रॉप्स घेऊ नका, एवढी कळकळीची विनंती. अशा वेळी अनेकदा स्टेरॉइड असलेले ड्रॉप्स हातात पडतात. दोन दिवसांत डोळे पांढरेशुभ्र होतात, म्हणून लोक तेच महिनोन्‌महिने टाकत राहतात. त्यातून काचबिंदू होतो, मोतीबिंदू लवकर येतो, आणि काचबिंदूत गेलेली नजर परत मिळत नाही. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन किंवा लोटेप्रेडनॉल यांपैकी काही लिहिलं असेल तर ते डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय वापरायचं औषध नाही. नॅफॅझोलिन असलेले, लाली घालवणारे ड्रॉप्सही टाळा. त्यांचा असर उतरला की लाली दुपटीने परतते.

कोरडेपणासाठी हवेत ल्युब्रिकंट ड्रॉप्स, म्हणजे कृत्रिम अश्रू. त्यांत कार्बोक्सिमिथाइलसेल्युलोज, हायप्रोमेलोज, सोडियम हायल्युरोनेट असे घटक असतात. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा टाकावे लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या, कारण बेंझाल्कोनियम क्लोराइड हे नेहमीचं प्रिझर्व्हेटिव्ह वारंवार गेलं की स्वतःच डोळ्याचा पृष्ठभाग खराब करतं. जेल आणि मलम जास्त वेळ टिकतं, पण थोडा वेळ धूसर दिसतं, म्हणून ते रात्री झोपताना.

९. ड्रॉप टाकायची बरोबर पद्धत कोणती? अर्धा तर गालावरच जातो.

हात धुवा. मान मागे, खालची पापणी बोटाने ओढून खिसा करा, त्यात एक थेंब. बाटलीचं टोक पापणीला किंवा केसांना लागता कामा नये. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर हलका दाबून ठेवा. दोन-तीन थेंब टाकून काही मिळत नाही. डोळ्यात एका थेंबापुरतीही पुरती जागा नसते, उरलेलं वाहूनच जातं. दोन वेगवेगळे ड्रॉप्स असतील तर मध्ये निदान पाच मिनिटं जाऊ द्या, मलम सगळ्यात शेवटी. बाटली फोडल्याची तारीख लेबलवर लिहा आणि बहुतेक बाटल्या महिनाभराने टाकून द्या. घरात सगळ्यांची मिळून एकच बाटली नको.

१०. ड्रॉप्सची सवय लागते का? आयुष्यभर टाकावे लागतील का?

ल्युब्रिकंटची सवय लागत नाही. बंद केल्यावर त्रास परत आला तर मूळ कारण अजून तिथेच आहे एवढाच त्याचा अर्थ. कारण तात्पुरतं असेल, जसं एखादी गोळी किंवा ऑपरेशन, तर ड्रॉप्स सुटतात. वय, पाळी बंद होणं किंवा संधिवात यांमुळे असेल तर दीर्घकाळ लागतात. शेक आणि पापण्या मिटण्याची सवय नीट लागली की थेंबांची संख्या मात्र बऱ्याच जणांची कमी होते.

११. गुलाबपाणी, मध, गाईचं तूप, एरंडेल... यातलं काय चालेल? आजी काजळ घालायला सांगते.

डोळ्याच्या आत यातलं काहीही नको. गुलाबपाण्याचा गारवा मिनिटभर बरा वाटतो, पण ते निर्जंतुक नसतं. मधाचं, तुपाचं आणि तेलाचंही तेच. आईचं दूध, कांद्याचा रस हेही टाळा. आयुर्वेदातलं नेत्रतर्पण करायचं असेल तर ते वैद्याच्या हाताखाली आणि आधी डोळ्याला जंतुसंसर्ग नाही ना हे बघूनच करावं. घरी वाटीतलं तूप ओतणं म्हणजे नेत्रतर्पण नव्हे.

काजळ आणि आयलायनर पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर लावलं की ग्रंथींची तोंडं बुजतात. शिवाय सुरमा आणि काही काजळांमध्ये शिसं आढळलेलं आहे, त्यामुळे बाळांना तर नकोच. आजींचं मन राखायचं असेल तर तीट कपाळाला लावा.

१२. पंखा, एसी, कूलर, गाडी यांपैकी जास्त त्रास कशाचा?

चेहऱ्यावर थेट येणाऱ्या हवेचा, मग ती कशाचीही असो. एसी त्यावर हवेतला ओलावाही काढून घेतो. कोकणात किंवा मुंबईत बाहेर घाम निथळत असतो आणि ऑफिसात डोळे वाळतात, ते यामुळेच. विदर्भात एप्रिल-मेमध्ये मुळात हवाच कोरडी. तिथे वाळ्याच्या कूलरने खोलीत ओलावा येतो ते डोळ्यांना चांगलंच, फक्त पलंग झोताच्या रेषेतून बाजूला घ्या. कारमध्ये व्हेंट पायांकडे वळवा.

दुचाकीवर हेल्मेटची काच खाली हवी. ती नसेल तर बाजूने बंद असलेला चष्मा. डासांची कॉइल, धूप, चुलीचा धूर आणि सिगारेट हे सगळं कोरड्या डोळ्यांना झोंबतं. घरात दुसऱ्या कुणी ओढलेली सिगारेटसुद्धा.

१३. जास्त पाणी प्यायलं, बदाम-जवस खाल्ले तर बरं होईल का?

शरीरात पाणी कमी असेल तर भरून काढा, पण तहानेपेक्षा जास्त प्यायलेलं पाणी डोळ्यांत जात नाही. ओमेगा-३ च्या गोळ्यांचा फार बोलबाला आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ड्रीम नावाच्या मोठ्या अमेरिकन चाचणीत रोज ३००० मिलिग्रॅम ओमेगा-३ घेणाऱ्यांना ऑलिव्ह तेल घेणाऱ्यांपेक्षा वेगळा फायदा झाला नाही. जवसाची चटणी आणि बांगडा जरूर खा, आवडीने खा. महागड्या गोळ्यांवर मात्र भिस्त ठेवू नका.

१४. मला संध्याकाळी काही नसतं, पण सकाळी उठताच डोळे उघडवत नाहीत. असं का?

दिवस चढेल तसा वाढणारा त्रास स्क्रीनचा आणि हवेचा. सकाळीच सगळ्यात जास्त असेल तर रात्री काय होतं ते बघायला हवं. काही जणांचे डोळे झोपेत थोडे उघडे राहतात. त्यांना स्वतःला ते ठाऊकही नसतं, घरच्यांना रात्री बघायला सांगा. घोरण्याच्या त्रासावर रात्री नाकातून हवा देणारं सीपॅप मशीन लावत असाल तर मास्कच्या कडेतून निसटलेली हवा डोळ्यांवर येते का तपासा. पापण्यांची सूजही सकाळी जास्त जाणवते (प्रश्न ७). अशांना झोपताना मलम किंवा जेलचा चांगला उपयोग होतो. पहाटे तीव्र कळ येऊन डोळा उघडत नसेल तर बुबुळाचा वरचा थर सुटत असू शकतो. ते वेगळं दुखणं आहे, तपासून घ्या.

१५. माझ्या चालू गोळ्यांमुळे डोळे कोरडे होत असतील का?

होऊ शकतात. सर्दी-ॲलर्जीच्या सेटिरिझिनसारख्या गोळ्या, नैराश्यासाठी किंवा नसांच्या दुखण्यासाठी दिलेली ॲमिट्रिप्टिलिन, रक्तदाबासाठी दिलेल्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, मुरमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन ही नेहमीची नावं. काचबिंदूचे ड्रॉप्ससुद्धा, त्यातल्या प्रिझर्व्हेटिव्हमुळे. पण कुठलीही गोळी स्वतःहून बंद करू नका. काचबिंदूचे ड्रॉप्स तर एक दिवसही नाही, पर्याय डॉक्टरांना विचारा. गरोदरपणात डोळे कोरडे होणंही सामान्य आहे, साधे ल्युब्रिकंट तेव्हा बहुधा चालतात, तरी आपल्या डॉक्टरांच्या कानावर घाला.

१६. आईचं वय ५५. डोळे कोरडे, तोंडही कोरडं, भाकरी पाण्याशिवाय गिळवत नाही, सांधे दुखतात. सगळं वयामुळेच का?

वयावर सोडून देऊ नका. डोळे आणि तोंड दोन्ही कोरडे, सोबत सांधेदुखी आणि थकवा असेल तर शोग्रेन हा आजार तपासायला हवा. यात शरीराची प्रतिकारशक्ती लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवरच उलटते. १० पैकी जवळपास ९ रुग्ण स्त्रिया असतात, तेही बहुतेक मध्यमवयीन. म्हणूनच ‘पाळी गेली की होतंच’ असं म्हणून तो वर्षानुवर्षं राहून जातो. डोळ्यांच्या डॉक्टरांबरोबर संधिवाततज्ज्ञांनाही दाखवा. दातांकडेही लक्ष द्या, लाळ कमी असली की ते झपाट्याने किडतात. मधुमेह आणि थायरॉइड यांचीही तपासणी करून घ्या.

१७. मोतीबिंदूचं ऑपरेशन किंवा लेसिक करायचंय. कोरडेपणा आधी सांगावा का?

नक्की, आणि मापं घेण्याआधीच. मोतीबिंदूत बसवायच्या लेन्सचा नंबर बुबुळाच्या वक्रतेवरून काढतात. पृष्ठभाग कोरडा असेल तर ते माप चुकतं आणि नंबर राहून जातो. काही आठवडे डोळे सुधारून मग मापं घेणं शहाणपणाचं. लेसिकमध्ये, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवण्याच्या लेसर ऑपरेशनमध्ये, बुबुळातल्या नसा कापल्या जातात, त्यामुळे सहा महिने ते वर्षभर कोरडेपणा जाणवू शकतो. आधीच डोळे खूप कोरडे असतील तर लेसिकची घाई करू नये असं माझं मत आहे. कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांनी तास कमी करावेत, लेन्स घालून झोपू नये आणि लेन्सवर चालणारेच ड्रॉप्स वापरावेत.

१८. लहान मुलांनाही होतो का?

होतो. मोबाइल बघताना मुलंही पापण्या मिटत नाहीत. मूल वारंवार डोळे मिचकावत असेल तर रागावण्याआधी तपासून घ्या. पण मूल संध्याकाळी अडखळत असेल, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखा डाग दिसत असेल, तर ते अ जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते. तिथे ड्रॉप्सचं काम नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. सरकारी कार्यक्रमात ९व्या महिन्यापासून ५ वर्षांपर्यंत अ जीवनसत्त्वाचे एकूण ९ डोस मिळतात. ते राहिले असतील तर अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात विचारा.

१९. घरी थांबायचं नाही, लगेच जायचं, असं कधी?

- डोळा खूप दुखतो, उजेड सहन होत नाही, नजर एकाएकी कमी झाली.
- एकच डोळा लालभडक, किंवा बुबुळावर पांढरा ठिपका.
- लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल झाला. लेन्स आधी काढा आणि डब्यासकट घेऊन जा.
- उसाचं पातं, काडी किंवा धसकट लागलं. बुरशीचा जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि त्यात स्टेरॉइडचा थेंब पडला तर डोळा हातचा जाऊ शकतो.
- चेहऱ्याचा लकवा येऊन डोळा मिटत नाही. बुबुळ उघडं राहून जखम होते. डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत ल्युब्रिकंट टाकत राहा.
- डोळ्यात चुना, ॲसिड किंवा फिनाइल गेलं. आधी निदान २० मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा, मग निघा.

२०. सगळं केलं, दोन-तीन महिने झाले, फरक नाही. आता?

मग कोरडेपणा कोणत्या प्रकारचा आहे ते मोजून घ्या. खालच्या पापणीत कागदाची पट्टी ५ मिनिटं ठेवून पाण्याचं प्रमाण बघतात. ५ मिलिमीटरही ओली झाली नाही तर पाणी नक्की कमी. रंग टाकून पडदा किती सेकंदांत तुटतो ते बघतात, १० सेकंदांच्या आत तुटला तर तो अस्थिर. तेलग्रंथींचा फोटोही काढता येतो.

पुढचे उपाय आहेत. सायक्लोस्पोरिनचे ड्रॉप्स सूज कमी करतात. सुरुवातीला ते झोंबतात आणि पूर्ण गुण यायला तीन ते सहा महिने लागतात, म्हणून तिसऱ्या आठवड्यात सोडून देऊ नका. अश्रू नाकात जाण्याच्या छिद्राला बारीक बूच बसवता येतं, पण सूज आटोक्यात आल्यावरच. तीव्र आजारात रुग्णाच्याच रक्तातून बनवलेले सीरम ड्रॉप्स देतात.

काही थोड्यांच्या बाबतीत डोळे तपासणीत जवळजवळ ठीक असतात आणि जळजळ मात्र असह्य असते. तिथे दुखणं नसांचं असू शकतं. अशा रुग्णाला ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असं ऐकावं लागतं, ते बरोबर नाही. बुबुळाच्या तज्ज्ञांकडे जा आणि जाताना आजवरच्या सगळ्या बाटल्या, चालू गोळ्यांची यादी आणि त्रास दिवसाच्या कोणत्या वेळी होतो याची टिपणं सोबत न्या.